आरसी गाडीचा इएससी तापून बंद पडतो: मोठा पंखा घेण्याआधी काय बघायचं

नागपूरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. रिमोटवर चालणारा (आरसी) १/१० मापाचा फोर व्हील ड्राइव्ह शॉर्ट कोर्स ट्रक, ब्रशलेस मोटर, थ्रीएस लिपो, म्हणजे तीन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी (टूएस म्हणजे दोन सेलची). इएससीवरचा, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीवरचा, मूळचा ३० मिलिमीटरचा पंखा मध्यंतरी जळाला, म्हणून बाजारातून त्याच मापाचा १२ व्होल्टचा पंखा आणून बसवला. पंखा फिरतो. पण संध्याकाळी पाचच्या सुमाराला मैदानावर सहा-सात मिनिटं गाडी चालवली की ती थांबते, इएससीचा दिवा लुकलुकतो आणि थोड्या वेळाने गाडी पुन्हा चालायला लागते. तर आता ४० मिलिमीटरचा पंखा घ्यावा, की दोन पंखे लावावेत? आणि मोटरलाही वेगळा पंखा हवा का?

आरसी गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती मी बरीच वर्षं करतोय आणि मार्च ते जूनमध्ये सगळ्यात जास्त गाड्या याच तक्रारीने येतात. कुठला पंखा घ्यायचा ते शेवटी सांगेनच, पण त्याआधी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: गाडी खरंच तापल्यामुळे थांबते का, ती उष्णता इतकी का तयार होते, आणि तयार झालेली उष्णता बॉडीच्या बाहेर पडते का. पंखा उष्णता कमी करत नाही, हीटसिंकवरून, म्हणजे इएससीवरच्या धातूच्या पात्यांवरून, उचलून हवेत टाकतो. ती हवा तिथेच घुटमळत राहिली तर पंखा कितीही जोरात फिरला तरी फार फरक पडत नाही.

पहिली शंका दिव्याबद्दल. इएससी दोन कारणांनी गाडी थांबवतो, तापमान वाढलं म्हणून किंवा बॅटरी उतरली म्हणून. दोन्ही वेळा दिवा लुकलुकतो, फक्त लुकलुकण्याची पद्धत वेगळी असते, ती तुमच्या इएससीच्या माहितीपत्रकात बघा. फसगत होते ती अशी, की थोडा वेळ थांबलं तर दोन्ही प्रकारांत गाडी पुन्हा चालते. बॅटरीवरचा भार गेला की व्होल्टेज आपोआप थोडं वर येतं आणि आपल्याला वाटतं गाडी थंड झाली. म्हणून गाडी थांबल्याबरोबर बॅटरी काढून तपासा. दर सेल ३.७ व्होल्टच्या वर असेल तर तापमानाचा संशय खरा. ३.४–३.५ च्या आसपास दिसत असेल तर बॅटरी संपली आहे किंवा म्हातारी झाली आहे. तसं असेल तर पंख्यावर एक रुपयाही खर्च करू नका.

समजा तापमानच आहे. मग मला सगळ्यात आधी खटकतं ते हे, की मूळचा पंखा का गेला? पंखे धुळीने जातात, बेअरिंग सुकून जातात, पाण्याने जातात. पण तुम्ही थ्रीएसवर गाडी चालवता आणि पंखा जळाला म्हणता, तेव्हा व्होल्टेजकडे बघावंच लागतं. इएससीवर पंख्यासाठी दोन पिनांचं जे छोटं सॉकेट असतं, त्यातून काय येतं हे सगळ्या इएससींमध्ये सारखं नसतं. काहींमध्ये ते बीइसीचं (इएससीतल्या छोट्या वीजपुरवठ्याचं) व्होल्टेज असतं, म्हणजे सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर) आणि रिसीव्हरला (रिमोटचा संदेश घेणारा) मिळतं तेच, ६ किंवा ७.४ व्होल्ट. काहींमध्ये, विशेषतः जुन्या आणि स्वस्त इएससींमध्ये, थेट बॅटरीचं व्होल्टेज येतं. पूर्ण चार्ज झालेली थ्रीएस १२.६ व्होल्ट देते. अशा सॉकेटला ५ व्होल्टचा पंखा लावला तर काही मिनिटं तो भन्नाट फिरतो आणि मग कायमचा थांबतो. म्हणूनच अशा इएससींच्या माहितीपत्रकात टूएसला ५ व्होल्टचा आणि थ्रीएसला १२ व्होल्टचा पंखा लावा असं लिहिलेलं असतं. गाडी टूएससाठी घेतली आणि नंतर थ्रीएस घातली, तर पंखा बदलायचा बहुतेकांना सुचतच नाही.

आता याची उलटी बाजू बघा, कारण माझा अंदाज तुमच्या बाबतीत तीच आहे. तुमच्या सॉकेटमधून ६ व्होल्ट येत असतील आणि त्यावर १२ व्होल्टचा पंखा लावला असेल, तर तो फिरताना दिसेल, पण जेमतेम निम्म्या वेगाने. पंख्याचा वेग निम्मा झाला की हवा साधारण निम्मी होते आणि हवेला मागून ढकलणारा दाब चौथा हिस्सा उरतो. हीटसिंकच्या पात्यांमधली फट दीड-दोन मिलिमीटरची असते. त्या अरुंद जागेत हवा घुसवायला दाबच लागतो, आणि तोच उरलेला नसतो. हवा वरच्या वर पसरते, पात्यांच्या तळापर्यंत पोचतच नाही. शिवाय १२ व्होल्टचे बरेच पंखे ५–६ व्होल्टवर कसेबसे सुरू होतात. थोडी धूळ बसली की तेही नाही. तेव्हा 'पंखा फिरतो' यावर समाधान मानू नका.

यासाठी मल्टिमीटर घ्या, डीसी २० व्होल्टवर ठेवा. पंख्याची पिन काढून सॉकेटच्या दोन पिनांना टोकं अलगद टेकवा, ती एकमेकांना लागू देऊ नका. गाडी चालू करा आणि आकडा बघा. काही इएससींमध्ये पंखा ठरावीक तापमानानंतरच सुरू होतो, त्यामुळे थंड असताना शून्य दिसलं तर गाडी दोन मिनिटं पळवून पुन्हा मोजा. ६ च्या जवळ आकडा आला तर ५ ते ६ व्होल्टचा पंखा हवा, आणि ७.४ आला तर ७.४ व्होल्ट लिहिलेलाच. आरसीसाठी म्हणून विकले जाणारे पंखे बहुधा ५ ते ७.४ किंवा ६ ते ८.४ व्होल्ट अशा पट्ट्यातले असतात. आकडा १२ च्या आसपास आला तर तुमचा सध्याचा पंखा जातीने बरोबर आहे, गडबड दुसरीकडे आहे.

पंखा पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला घेतला तरी स्टिकर वाचल्याशिवाय घेऊ नका. ३० आणि ४० मिलिमीटरचे जे पंखे सहज मिळतात त्यातले बरेच थ्रीडी प्रिंटरचे असतात आणि त्यात २४ व्होल्टचे पुष्कळ. ते आपल्या काहीच कामाचे नाहीत. स्टिकरवर व्होल्टसोबत अँपिअरही लिहिलेले असतात. दोघांचा गुणाकार केला की वॅट मिळतात, आणि एकाच मापाच्या दोन पंख्यांत कोण जोरकस आहे याचा तो बऱ्यापैकी भरवशाचा अंदाज असतो. ५ व्होल्ट ०.१ अँपिअरचा पंखा अर्ध्या वॅटचा झाला, तो कॉम्प्युटरमधल्या एखाद्या शांत कोपऱ्यासाठी ठीक आहे. गाडीतल्या इएससीवर मला दीड-दोन वॅटचा पंखा बरा वाटतो. बेअरिंग मात्र बॉल बेअरिंगच घ्या. स्लीव्ह बेअरिंगमधलं तेल आपल्याकडच्या उन्हात आणि धुळीत लवकर सुकतं, आणि मग पंखा आवाज करत हळू हळू मंदावतो.

पंखा बरोबर निघाला तरी नागपूरचं ऊन उरतंच. हीटसिंकमधून हवेत जाणारी उष्णता त्या दोघांच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असते. हीटसिंक ९० अंशांवर आहे असं धरा. बाहेर ३० अंश असतील तर फरक ६० चा. बाहेर ४५ अंश असतील तर फरक ४५ चा. म्हणजे तोच पंखा, तोच हीटसिंक, तीच हवा, पण उष्णता पाव भागाने कमी बाहेर जाते. डिसेंबरात ज्या गाडीने पूर्ण बॅटरी संपवली ती एप्रिलमध्ये मध्येच थांबते याचं हे सरळ कारण आहे, गाडी बिघडलेली नसते. बॉडीच्या आतली हवा तर बाहेरच्या हवेपेक्षाही गरम असते, आणि पाच वाजता मैदानाची जमीन दिवसभर तापलेली असते. मी विदर्भातल्या आणि खानदेशातल्या लोकांना एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेसहा-सातला गाडी काढायला सांगतो. संध्याकाळपेक्षा सकाळ कितीतरी बरी.

पण तुमच्या गाडीने सहा-सात मिनिटांत हात टेकले, त्याचा दोष एकट्या हवामानाला देता येत नाही. माझ्या अनुभवात मुख्य गुन्हेगार बहुतेक वेळा पिनियन, म्हणजे मोटरच्या दांड्यावरचा छोटा गिअर, असतो. थ्रीएसवर मोटर टूएसच्या दीडपट वेगाने फिरते. तेच गिअर ठेवले तर गाडीही तेवढीच जोरात पळायला बघते, आणि वेगासोबत हवेचा विरोध झपाट्याने वाढतो. त्यात मैदानावर गवत असलं तर चाकं सतत ओढ खातात. ट्रॅक्सससारख्या कंपन्या काही गाड्यांसोबत मोठा पिनियन वेगळा देतात, पण तो सपाट मोकळ्या जागेत थोडा वेळ पळवण्यासाठी. लोक तो बसवतात आणि तसाच ठेवून गवतात चालवतात.

गणित सोपं आहे. समजा आत्ता १५ दातांचा पिनियन आहे आणि तुम्ही १३ दातांचा घातला. चाकांवर तेवढाच जोर लावायला मोटरला सुमारे १३ टक्के कमी करंट लागेल. मोटरच्या तारांमध्ये आणि इएससीच्या मॉसफेटमध्ये (मोटरचा करंट चालू-बंद करणारे स्विच) तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे ती जवळपास पाव भागाने घटते. नागपूरच्या उन्हाने जो पाव भाग हिरावून घेतला तो दोन दातांनी परत मिळतो, आणि खर्च एका पिनियनचा. वरचा वेग १३ टक्क्यांनी उतरेल, पण गवताच्या मैदानावर तो तसाही पूर्ण मिळत नव्हता. सुटताना गाडी उलट जास्त चपळ वाटेल. पंख्यांच्या दुनियेत एवढी सुधारणा मिळवायला फार खटपट करावी लागते.

पिनियन बदलायला उघडलीच आहे तर पिनियन स्परपासून (तो ज्या मोठ्या गिअरला फिरवतो त्यापासून) बाजूला करून गाडी सपाट फरशीवर ढकलून बघा. ती सहज घरंगळत गेली पाहिजे. अडखळत असेल तर एखादं बेअरिंग मातीने धरलेलं आहे, किंवा डिफरन्शियलमध्ये काही अडकलं आहे. परत बसवताना पिनियन आणि स्परमध्ये कागदाची एक पट्टी घालून मेश, म्हणजे दोघांच्या दातांची पकड, लावा, पट्टी काढली की बरोबर अंतर राहतं. मेश घट्ट असला तर मोटर दिवसभर स्वतःशीच भांडत राहते. इएससीच्या सेटिंगमध्ये ड्रॅग ब्रेक (थ्रॉटल सोडल्यावर आपोआप लागणारा ब्रेक) आणि पंच (सुटतानाचा जोर) किंवा टायमिंग (मोटरचा वेग वाढवणारी सेटिंग) फार वर ठेवलं असेल तर तेही खाली आणा. ही कामं एका संध्याकाळची आहेत आणि पंख्याच्या आधीची आहेत.

आता बॉडी. याकडे फार कमी लोक लक्ष देतात आणि माझा सगळ्यात जास्त जीव यातच आहे. शॉर्ट कोर्स ट्रकची बॉडी मोठी, सगळ्या बाजूंनी खाली आलेली आणि बहुतेक वेळा नवीन असताना एकही भोक नसलेली. आतला पंखा तीच हवा हीटसिंकवर मारतो, ती गरम होते, वर छताला लागते आणि पुन्हा पंख्यातून खाली येते. दारं-खिडक्या लावून घेतलेल्या पत्र्याच्या खोलीत पंख्याखाली बसल्यासारखी इएससीची अवस्था होते. उपाय कात्रीचा आहे. पुढच्या काचेच्या जागी हवा आत यायला आणि मागच्या काचेच्या जागी बाहेर जायला जागा करा. बाहेर जाण्याची जागा आत येण्याच्या जागेपेक्षा मोठी ठेवा. नाहीतर वेगात हवा आत कोंडते आणि उडी मारताना गाडीचं नाक वर उचललं जातं. लेक्झान, म्हणजे बॉडीचं प्लास्टिक, कापण्यासाठी आरसीची वाकडी कात्री मिळते, नसेल तर नखं कापायची छोटी कात्रीही चालते. कापण्याआधी भोकाच्या प्रत्येक कोपऱ्यात गोल छिद्र पाडून घ्या, म्हणजे बॉडी तिथून चिरत जात नाही. समोरच्या भोकाला आतून डासांच्या जाळीचा तुकडा लावला तर गवत आणि मोठे खडे अडतात, पण जाळी रोज झटकावी लागते.

बॉडी उतरवलेली असतानाच बघून घ्या की ती बसवल्यावर पंख्याच्या वर किती जागा उरते. पंख्यावर छोटा मातीचा किंवा कणकेचा गोळा ठेवून बॉडी दाबून बसवा आणि काढून त्याची जाडी मोजा. निदान एक सेंटिमीटर तरी हवं. छत पंख्याला जवळजवळ टेकत असेल तर पंख्याला हवाच मिळत नाही. अशा वेळी बॉडीचे पोस्ट (ती ज्यांवर बसते ते खांब) एक भोक वर घेतले तरी मोठा फरक दिसतो.

पंख्याची दिशाही एकदा खात्रीने बघा. ज्या बाजूला काड्या मधल्या मोटरला धरून ठेवतात आणि जिथून वायरी निघतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. ती बाजू हीटसिंककडे हवी. शंका असेल तर जवळ उदबत्ती धरा, धूर लगेच सांगतो. पंखा उलटा बसवून हवा ओढून घेण्याचा प्रयोग काही जण करतात, पण इतक्या छोट्या हीटसिंकवर थेट मारलेली हवाच जास्त उष्णता उचलते असं मी दोन्ही प्रकारे मोजून पाहिलं आहे.

यानंतर तुमचा खरा प्रश्न, ४० मिलिमीटरचा पंखा. तो तेवढ्याच व्होल्टेजवर जास्त हवा देतो हे खरं. पण त्याच्या मधला जो फिरता बुंधा असतो तो वीस-पंचवीस मिलिमीटर रुंद असतो, त्याखाली हवा जवळजवळ नसतेच. हवा पडते ती बुंध्याभोवतीच्या कड्यातून. हा पंखा ३० मिलिमीटरच्या हीटसिंकवर सपाट टेकवला की कड्याचा मोठा भाग हीटसिंकच्या बाहेर जातो आणि इएससीच्या नेमक्या मध्यभागी, जिथे मॉसफेट तापतात, तिथे वारा पोचत नाही. म्हणून ४० चा पंखा लावायचा असेल तर मध्ये पाच-सहा मिलिमीटर उंचीचा निमुळता डक्ट हवा, म्हणजे हवा गोळा होऊन खाली येते. थ्रीडी प्रिंट करून घेता येतो. स्क्रूची भोकंही जुळत नाहीत: ३० च्या पंख्याची भोकं एकमेकांपासून २४ मिलिमीटरवर असतात, ४० ची ३२ वर. डक्टमध्ये दोन्ही मापं घ्यावी लागतील. एवढं करायची तयारी नसेल तर योग्य व्होल्टेजचा, जास्त वॅटचा ३० मिलिमीटरचाच पंखा घ्या. तुमच्या गाडीला मी तोच सुचवेन.

दोन पंखे लावायचे झाले तर बीइसीचा विचार करा. जोरकस पंखा सुरू होताना अर्धा अँपिअर सहज खेचतो. त्याच बीइसीवर सर्व्हो आहे, आणि चाक खड्ड्यात अडकून सर्व्हो जोर लावतो तेव्हा तो दोन-तीन अँपिअर मागतो. बीइसी तीन अँपिअरचा असेल तर सगळे एकदम मागायला लागले की व्होल्टेज कोसळतं, रिसीव्हर क्षणभर बंद पडतो आणि भरधाव गाडी ताब्यातून जाते. हे तापण्यापेक्षा धोक्याचं आहे. तुमचा बीइसी किती अँपिअरचा आहे ते बघा. कमी असेल तर दुसऱ्या पंख्यासाठी वेगळा छोटा यूबीइसी घ्या, जो थेट मुख्य बॅटरीवरून चालतो. काही जण थ्रीएस पॅकच्या बॅलन्स वायरीतून (चार्जिंगसाठी प्रत्येक सेलपासून निघणाऱ्या बारीक वायरी) दोन सेलचे ७.४ व्होल्ट घेऊन पंखा चालवतात. तसं करू नका. दोन सेल जास्त उतरतात, तिसरा नाही, आणि पॅक असमतोल होत जातो. लिपोच्या बाबतीत हा खेळ परवडणारा नाही.

मोटरचा पंखा. मोटरच्या आत निओडिमियमचं मॅग्नेट असतं आणि त्याची ताकद तापमानाने घटते. साध्या प्रतीचं मॅग्नेट ८० अंशांच्या पुढे कायमचं दुबळं होऊ शकतं. मोटरसाठी वापरतात ते वरच्या प्रतीचं, १२० किंवा १५० अंश सोसणारं, पण स्वस्त मोटरमध्ये कुठलं घातलंय हे बाहेरून कळत नाही. शिवाय तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, दर अंशाला ०.३९ टक्के. म्हणजे १०० अंश वाढले तर रोध जवळपास चाळीस टक्क्यांनी जास्त, आणि त्यामुळे उष्णता आणखी जास्त. मोटर एका मर्यादेनंतर स्वतःच स्वतःला तापवत जाते. बाहेरच्या डब्यावर जे दिसतं त्यापेक्षा आतलं तापमान बरंच जास्त असतं. म्हणून डब्यावर ७५–८० अंश दिसले की मी गाडी थांबवतो. तुम्ही मोटरचा आकडा दिलेला नाही, त्यामुळे पंखा हवाच असं मी सांगणार नाही. ६५ च्या आत राहत असेल तर गरज नाही. ७० च्या पुढे जात असेल तर आधी पिनियन, आणि तरीही जात असेल तर क्लिप असलेला हीटसिंक आणि त्यावर पंखा. ५४० मापाच्या मोटरचा डबा ३६ मिलिमीटर व्यासाचा असतो, त्या मापाचे हीटसिंक सहज मिळतात. तो डब्याला सगळीकडून चिकटला पाहिजे, फटीत थर्मल पेस्टचा पातळ थर द्या. गुळगुळीत डब्यावर नुसता पंखा रोखला तर उपयोग थोडाच होतो.

तापमान मोजताना एक फसगत मी सारखी बघतो. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत ॲल्युमिनियमवर रोखला की तो खऱ्यापेक्षा फार कमी आकडा दाखवतो, कारण चकाकी असलेला धातू स्वतःची उष्णता कमी फेकतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो. हे मीटर साधारण ०.९५ उत्सर्जकतेसाठी लावलेले असतात, घासलेल्या ॲल्युमिनियमची त्याच्या दहाव्या भागाइतकीही नसते. 'माझी मोटर ४५ लाच आहे, तरी जळाली' असं सांगणाऱ्यांच्या मोटरी बहुतेक चंदेरी डब्याच्या असतात. उपाय म्हणजे हीटसिंकवर आणि मोटरवर काळ्या इन्सुलेशन टेपचा नखाएवढा तुकडा कायमचा चिकटवून ठेवा आणि मीटर अगदी जवळ धरून त्यावरच मोजा. मीटर नसेल तर बोट आहेच: साधारण ६० अंशांच्या पुढे बोट दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवून ठेवता येत नाही. बॅटरीही हाताने तपासत चला. लिपो ६० अंशांच्या वर जाता कामा नये.

इएससीचं थर्मल कट बहुधा १०५ अंशांच्या आसपास असतं. काही इएससीत ते १२५ वर नेता येतं किंवा बंदही करता येतं. गाडी थांबू नये म्हणून ते बंद करायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. ऐकू नका. त्या पेटीत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात, त्यांची मर्यादाच बहुतेक वेळा १०५ अंशांची असते, आणि त्यांचं आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मं होतं. ते फुगले की मॉसफेटही सोबत जातात. पंखा शे-दोनशे रुपयांचा येतो, इएससी काही हजारांचा.

वर सांगितलेली व्होल्टेजची तपासणी सोडली, तर एरवी चालवून झाल्यावर लगेच बॅटरी काढू नका. चाकं थांबतात, पण तारांमधली उष्णता बाहेरच्या डब्याकडे येतच राहते, त्यामुळे थांबल्यावर दोन मिनिटांनी मोटरचं तापमान आधीपेक्षा जास्त दिसतं. बॉडी काढा, गाडी सावलीत ठेवा, इएससी चालू ठेवून पंखा फिरू द्या. गरम इएससीवर पाणी किंवा ओलं फडकं नको. पंखा साफ करताना हवेचा झोत मारलात तर पात्याला बोट लावून धरा. झोताने पंखा त्याच्या क्षमतेच्या कितीतरी पुढे फिरतो आणि बेअरिंग खराब होतं.

तर आधी सॉकेटचं व्होल्टेज आणि पिनियनचे दात, मग बॉडीची भोकं, आणि एवढं झाल्यावर पाच मिनिटांची एक फेरी, नेहमीच्याच मैदानावर, भरलेल्या बॅटरीवर. फेरी संपल्याबरोबर टेपवरची दोन तापमानं घ्या, इएससीचं आणि मोटरचं, शिवाय सावलीतल्या हवेचं. पिनियन बदलण्याआधीची एक फेरी अशीच मोजून ठेवलीत तर उत्तम, म्हणजे कशाने किती उतरलं ते कळेल. हे आकडे आणि तुमच्या इएससीचं मॉडेल इथे लिहा. ४० चा पंखा आणि डक्ट करावा लागेल की नाही, हे त्यावरून मला नेमकं सांगता येईल.